खोब्रागडे आणि कंपनीची सीट

रामदास खोब्रागडे यांनी माझी ऑटो कापली, तिथून आमची ओळख सुरू झाली. मी तेव्हा लखनौला नवीन होते. ऑफिसचा दिल्ली दौरा आटोपून चारबाग स्टेशनवर उतरले, हातात सामान होतं, पाय दुखत होते, म्हणून इंदिरा नगरपर्यंत ऑटो केली आणि तिचं भाडं दौऱ्याच्या बिलात लावलं. बिल परत आलं. वर लाल शाईत शेरा होता, 'बस उपलब्ध नसल्याचा पुरावा जोडावा.' मी तावातावाने लेखा विभागात गेले आणि विचारलं, जी बस आलीच नाही तिचा पुरावा मी आणू कुठून? टेबलामागचा सडपातळ माणूस चष्म्यावरून माझ्याकडे बघत चक्क मराठीत म्हणाला, "ती आली नाही हे तुम्हाला कसं समजलं, मॅडम? तुम्ही तर थांबल्याच नाही." परमुलखात आपल्या भाषेचा माणूस भेटल्याचा आनंद व्हायच्या आधीच मला त्याचा राग आला. तो राग अजून पुरता गेलेला नाही. मैत्री झाली ती त्याच्या बायकोशी, बेबीताईंशी.

आमची कंपनी सरकारी. देशभर दौरे, आणि प्रत्येक दौऱ्याचं बिल खोब्रागडेंच्या टेबलावरून जायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केलं आणि मन लावून केलं. त्यांचं एक तत्त्व होतं. ज्या प्रवासाचा खर्च ऑफिस देतं तो कामाचा प्रवास, बाकी सगळी हौस. आणि ऑफिसने पैसे मोजलेल्या जागेवर घरचं माणूस बसलं, की तो गुन्हा. आमच्या एका जनरल मॅनेजरने बायकोला ऑफिसच्या जीपमधून हजरतगंजला नेलं. नेमके खोब्रागडे तिथे टिक्की खात उभे. दुसऱ्या दिवशी साहेबांकडून जीपचा निम्मा खर्च वसूल झाला. निम्माच का, असं कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "साहेब स्वतः कामावर होते ना."

असल्या माणसाच्या घरात पायलट जन्मली. भावना. वर्ध्याकडचा प्लॉट विकून खोब्रागडेंनी तिला शिकवलं आणि आता ती एका विमान कंपनीत को-पायलट आहे, राहते बंगळूरला. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायला लागली की खोब्रागडेंचं घर आहे त्या तेलीबागची हिंदीच तोंडात येते. खोब्रागडे निवृत्त झाल्यावर वेळ कसा घालवणार याची मला काळजी होती, पण मुलीच्या कंपनीने ती मिटवली. पायलट लोकांना कुठल्या प्रवासाचा खर्च मिळतो, कुठल्याचा नाही, गाडी कुठून कुठपर्यंत, हॉटेल कधी, जेवण कोणाचं, हे सगळं त्यांनी पोरीला विचारून विचारून काढून घेतलं. नियम बाहेर दाखवायचे नसतात असं तिने सांगितलं होतं, म्हणून दाखव असं ते कधी म्हणाले नाहीत. दाखवले असते तर पुढचं काही घडलं नसतं.

कधीकधी भावनाचं विमान मुक्कामाला लखनौला यायचं. कंपनी गोमतीनगरात हॉटेल द्यायची. ती हॉटेलात तोंड दाखवून तेलीबागला आईकडे यायची, आईच्या हातचं जेवायची, आपल्या पलंगावर झोपायची. आता तेलीबागहून विमानतळ म्हणजे हाकेच्या अंतरावर. सकाळी इथूनच निघावं की नाही? पण कंपनीची गाडी हॉटेलवरून न्यायची असा नियम. मग खोब्रागडे सकाळी स्कूटर काढायचे, गणवेश घातलेल्या मुलीला मागे बसवायचे आणि विमानतळाच्या बरोब्बर उलट दिशेला, गोमतीनगरला, हॉटेलच्या दारात नेऊन सोडायचे. तिथे कंपनीची गाडी तिला घ्यायची आणि शहीद पथावरून परत तेलीबागच्या वळणापाशी आणायची, तिथून विमानतळावर. एकदा गाडीने वाटेत खोब्रागडेंच्या स्कूटरला ओलांडलं. भावनाने आतून हात हलवला. ड्यूटी सुरू झालेली असल्यामुळे यांनी हलवला नाही.

"तू ऐकतेस कशाला?" मी तिला एकदा विचारलं.

"आंटी, बाबा से बहस करने से अच्छा है मैं हेल्मेट पहन लूँ," ती म्हणाली.

इथवर सगळी गंमत होती. बेबीताईंचं मात्र गमतीत घेण्यासारखं नव्हतं. मुलगी हवेत असेपर्यंत ही बाई अन्नाला शिवत नसे. भावना उतरली की फोनवर 'लँडेड' असा एक शब्द पाठवायची, आणि तो आला की बेबीताई ताट घ्यायच्या. पोरीची दिवसात चार-चार विमानं असायची, त्यामुळे यांचं दुपारचं जेवण संध्याकाळी व्हायचं. त्यात यांना शुगर. मी रागावले, डॉक्टर रागावले. "लेकरू वर लटकून राहिलं आणि मी खाली बसून भात खाऊ?" असं त्या शांतपणे विचारायच्या. मागच्या हिवाळ्यात धुक्यामुळे भावनाचं विमान भलतीकडे उतरलं, शब्द उशिरा आला, आणि बेबीताई तेलीबागच्या बाजारात सब्जीच्या ठेल्यासमोर चक्कर येऊन कोसळल्या. ठेलेवाल्या भैयानेच त्यांना जवळच्या दवाखान्यात पोचवलं. सलाईन लावलेल्या बायकोच्या उशाशी खोब्रागडे बसले होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

"मॅडम, हिला एकदा विमानात बसवावं लागते," ते म्हणाले. "पाहिलं तर भीती जाईल."

बेबीताई तोवर कधीच विमानात बसल्या नव्हत्या. नागपूरला जायचं तर ट्रेन, बंगळूरला मुलीचं घर बघायला जायचं तर नकोच. पडल्या पडल्या त्यांनी आपली अट सांगितली. "भावना चालवत असेल तर बसीन. दुसऱ्या कोणाच्या हाती मी जीव देत नाही."

ही अट खोब्रागडेंनी मनावर घेतली. लखनौहून भावना विमान घेऊन कधी निघते यावर ते टपून बसले. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा तिचा फोन आला, की शुक्रवारी मुक्कामाला येते आणि शनिवारी दुपारच्या विमानाने बंगळूरला जाते. खोब्रागडेंनी चष्मा चढवला. फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो ते त्यांनाच माहीत.

"ड्यूटी आहे का सुट्टी?"

"ड्यूटी है, बाबा."

"खर्च कोणाचा?"

"कंपनी का."

"युनिफॉर्म?"

"हाँ, पहनना पड़ेगा."

खोब्रागडेंनी फोन ठेवला आणि बिल पास केल्यावर मान हलवायचे तशी मान हलवली. ड्यूटी आहे, खर्च कंपनीचा, अंगावर गणवेश. म्हणजे पोरगी विमान चालवणार. दुसरं काय करायला कंपनी पैसे देईल? माझंही मग ठरलं. आमची लेक सानिका बंगळूरलाच असते, तेव्हा मीही याच विमानाने जावं आणि बेबीताईंना सोबत करावी. खोब्रागडेंनी लगेच तिकिटं काढली, तिघांची एका रांगेत. भावनाला यातलं काही सांगायचं नाही, ती एकदम विमानातच आईला बघेल, असा त्यांचा बेत होता. त्या दिवशी ते इतके खुशीत होते की मला ऑटोपर्यंत सोडायला आले.

शनिवारी सकाळी भावनाला रीतसर स्कूटरवरून हॉटेलला पोचवून खोब्रागडे परत आले, आणि आम्ही तिघं विमानतळावर गेलो. बेबीताईंनी नवी निळी साडी नेसली होती. सकाळपासून त्यांनी पोटात काही घातलं नव्हतं. मुलगी विमान चालवणार म्हणजे उपास आलाच, मग आपण त्याच विमानात का असेना. पिशवीत त्यांनी नुसत्या गोळ्या घेतल्या होत्या.

विमानाच्या दारात पाऊल ठेवताच त्यांनी डावीकडे डोकावून पाहिलं. पुढची खोली उघडी होती. आत दोन पुरुष बसले होते, एकाला मिशा होत्या.

बेबीताई दारातच थांबल्या. "हमारी लड़की कहाँ है?" त्यांनी हवाई सुंदरीला विचारलं.

ती बिचारी घाबरली. "मॅम, खो गई है क्या? कितने साल की है?"

"बत्तीस."

"जी... क्या पहना है?"

"पायलट का ड्रेस."

मागे रांग साचत होती. त्या मुलीने आत बोट केलं, आणि आम्ही गेलो. चौदाव्या रांगेत, वाटेच्या बाजूच्या सीटवर, पांढरा शर्ट, काळा टाय, खांद्यावर पट्ट्या, अशी भावना खोब्रागडे मान एका अंगाला टाकून गाढ झोपली होती. तोंड जरासं उघडं होतं.

बेबीताईंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "ही तर इथं झोपून आहे," त्या म्हणाल्या. "मग चालवून कोण राहिलं?" मराठी कोणाला कळेना म्हणून त्यांनी तेच हिंदीत सांगितलं, जरा मोठ्याने. "पायलट तो यहाँ सोई है."

आसपासच्या पाचपंचवीस माना वळल्या. भावनाच्या शेजारी चिकनकारीचा कुर्ता घातलेले एक वयस्क गृहस्थ होते. ते फार अदबीने म्हणाले, "बहन जी, पूछने की हिम्मत नहीं हो रही थी, मगर सोच हम भी यही रहे थे."

भावना जागी झाली. समोर आई, आईमागे बाबा, बाबांमागे मी, हे पाहून तिला आपण स्वप्नात आहोत असं वाटलं असावं. मग तिने डोळे चोळले आणि सगळा घोटाळा तिच्या लक्षात आला. तिने समजावून सांगितलं, की रविवारी पहाटे बंगळूरहून तिला विमान न्यायचं आहे. म्हणून आज कंपनी तिला नुसती तिथवर पोचवते आहे, प्रवासी म्हणून, तिकीट काढून. पायलट लोकांना असं इकडून तिकडे नेऊन ठेवावंच लागतं.

"तू तर म्हणाली ड्यूटी आहे," खोब्रागडे म्हणाले.

"ड्यूटी ही है, बाबा. बैठकर जाना, यही ड्यूटी है."

"आणि त्याचे पैसे देते कंपनी?"

"हाँ, थोड़ा कम."

खोब्रागडेंनी सीटच्या पाठीला हात टेकला. त्यांच्या उभ्या नोकरीत काही न करता बसून जाणाऱ्याला प्रवासी म्हणत आणि त्याचं बिल कापत. मला खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. माझ्या त्या ऑटोचा हिशेब इतक्या वर्षांनी चुकता होत होता. पण बेबीताईंचा चेहरा दिसला आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

"मी उतरते," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुम्ही म्हणाले होते भावना चालवते. मला उतरवून द्या."

त्या उतरल्या असत्या तर पुन्हा कधी चढल्या नसत्या, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. उद्या पहाटे पोरगी वर आणि ही बाई खाली उपाशी, परत तेच, परत तो सब्जीचा ठेला. भावनाने आईचा हात धरला. "आई, सुन. मी तुझ्या बाजूला बसते. पूरा रास्ता. बाबा, तुम्ही इथे बसा, माझ्या सीटवर." घाबरली की ती मराठीत येते.

इतकी सोपी गोष्ट होती. हवाई सुंदरीही हो म्हणाली. पण खोब्रागडे हलले नाहीत.

"ही सीट कंपनीची आहे," ते म्हणाले.

"बाबा."

"कंपनीने पायलटसाठी पैसे भरले. तिथं घरच्या माणसाने बसणं बरोबर नाही. तुझ्यावर बोल येईल."

"कुछ नहीं आएगा, बाबा. कोई नहीं पूछता."

"विचारत नाही म्हणूनच बरोबर नाही."

मागून कोणीतरी "भाई साहब, चलिए भी" म्हणालं. मिशावाल्या कप्तानाने बाहेर डोकावून पाहिलं. मी म्हटलं, "मी बसते तिथे. मी तर घरचीही नाही." तर मला म्हणाले, "मग तर अजिबात नाही, मॅडम." मी हात टेकले. या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी जनरल मॅनेजरची बायको जीपमधून उतरत होती, याबद्दल मला शंका नाही.

बेबीताई दाराकडे वळल्या. एक पाऊल टाकलं, आणि त्यांचा तोल किंचित गेला. उपाशी होत्या ना. त्यांनी सावरायला सीटचा आधार घेतला, आणि ते खोब्रागडेंनी पाहिलं.

ते पुढे आले आणि चौदा नंबरच्या रांगेत बसले. पट्टा बांधला, हात मांडीवर घेतले आणि सरळ समोर बघत राहिले. त्यांनी नियमाबाहेरचं काही मंजूर केलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला त्यांची दया आली, आणि खरंच सांगते, मान वाटला.

आम्ही मागे जाऊन बसलो. मी खिडकीशी, मध्ये बेबीताई, कडेला भावना. विमान पळू लागलं तशी बेबीताईंनी एका हाताने मुलीचं मनगट पकडलं आणि दुसऱ्याने माझं. माझ्या मनगटावरच्या बांगडीची खूण दोन दिवस दिसत होती.

"हे काय वाजलं?"

"पहिये अंदर गए, आई." भावनाचे डोळे मिटलेले होते.

"आणि हा आवाज कमी का झाला?"

"होना चाहिए कम."

"आता वाकडं होऊन राहिलं."

"मुड़ रहा है." असं दोन-चारदा झालं. पुढच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही. आम्ही दोघींनी पाहिलं, तर पोरगी आईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तिला पहाटे उठायचं होतं आणि कंपनी तिला बसून जायचेच पैसे देत होती.

थोड्या वेळाने विमान हादरायला लागलं. पट्टे बांधा अशी घोषणा झाली. चिकनकारीच्या कुर्त्यातले गृहस्थ मागे वळून आमच्याकडे, म्हणजे भावनाकडे, बघू लागले. मीही घाबरले, उगाच खोटं कशाला बोलू. "उठवा तिला," मी म्हटलं. बेबीताईंनी हात उचलला, आणि तेवढ्यात झोपेतच, डोळे न उघडता, भावनाने आपला पट्टा चाचपून जरा आवळला आणि घोरू लागली. बेबीताईंचा हात तसाच राहिला.

बेबीताई लेकीकडे बघत राहिल्या. विमान हादरतच होतं.

"मालिनीताई," त्या हळूच म्हणाल्या, "हिला यातलं सगळं समजते ना?"

"तिचं कामच ते आहे."

"आणि ही झोपून राहिली."

त्यांचं त्यांनाच उमगत होतं. आठ वर्षं या बाईने मुलीला वर हवेत कल्पनेत पाहिलं होतं, बंद खोलीत, घामाघूम, जीव मुठीत धरून. ती अशी लहानपणासारखी तोंड उघडं टाकून झोपलेली असू शकते, हे बेबीताईंना कधी सुचलंच नव्हतं. भावना पुढे बसून विमान चालवत असती, तर आईला बंद दाराखेरीज काय दिसलं असतं? खोब्रागडेंची चूक झाली म्हणून हे दिसलं. हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही, कारण ते लगेच त्याचं श्रेय घेतील.

हादरे थांबले. हवाई सुंदरी खाण्याचा एक डबा घेऊन चौदा नंबरला गेली. कामानिमित्त जाणाऱ्या पायलटला कंपनीकडून खाणं मिळतं, ते होतं. खोब्रागडेंनी त्याला हातही लावला नाही. त्यांनी आमच्याकडे बोट केलं, आणि डबा आमच्याकडे आला. भावना झोपलेली. बेबीताईंनी तो मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ नुसता धरून बसल्या. मग झाकण उघडलं. आत सँडविच होतं. त्यांनी त्याचा एक घास घेतला, मग दुसरा. मुलगी हवेत होती, आणि बेबीताई जेवत होत्या.

मी समोर पाहिलं. खोब्रागडे मान वळवून बघत होते. कंपनीच्या पैशाचं, पायलटच्या नावाचं खाणं त्यांची बायको खात होती. आमची नजरानजर झाली. मी वाटच पाहत होते की आता हे उठतात. ते क्षणभर बघत राहिले, मग त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत समोर तोंड केलं.

बेबीताई सगळं संपवून डबा बंद करत म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

आता त्या पुन्हा तेलीबागला आहेत आणि मी इंदिरा नगरला. परवा दुपारी एकच्या सुमाराला मी फोन केला. खोब्रागडेंनी उचलला. "जय भीम, मॅडम," म्हणाले, पण आवाज चिंतेत होता. भावनाचं विमान कुठल्याशा शहरावर घिरट्या घालत होतं, फोनवरच्या नकाशात त्यांना दिसत होतं. त्यांनी अजून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, शब्द आल्याशिवाय घेणार नव्हते. मी म्हटलं, बेबीताईंना द्या.

"हां, बोला मालिनीताई," पलीकडून भरल्या तोंडाने आवाज आला. "काही नाही, जेवून राहिली. भावना वर आहे. झोपली असेल."

"अहो, आज ती चालवते आहे ना?"

"मग दुसरा झोपला असेल," बेबीताई म्हणाल्या, आणि त्यांनी नवऱ्याला ताट घ्यायला बोलावलं.